स्टर्नड्राइव्हची गळती: पंप बदलण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा

मांडव्याच्या किनाऱ्यासमोर बोयाला बांधून ठेवलेली एक 22 फुटी मोटरबोट माझ्या ओळखीतली आहे. मालक मुंबईचे, त्यामुळे बोटीवर येणे व्हायचे ते शनिवारीच. इंजिनावरचे झाकण उघडले की तळाशी चार बोटे पाणी दिसे, पंपाचे बटण दाबले की ते बाहेर जाई आणि ‘बोट म्हटली की थोडे पाणी येणारच’ या वाक्यावर विषय संपे. संपूर्ण हंगाम असाच गेला. त्या काळात पंप एकदा आणि पाण्याची पातळी ओळखून तो चालू करणारा फ्लोट स्विच दोनदा बदलून झाला. मेअखेरीस पावसाळ्यासाठी बोट वर घेतली, तेव्हा बोटीमागे बसवलेला पंख्याचा भाग, म्हणजे ड्राइव्ह, आणि बोट यांच्या मधल्या अडचणीच्या जागेत, अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका रबरी नळीच्या घडीत बसलेला बार्नेकल, म्हणजे बोटींना चिकटून वाढणारा कवचाचा छोटा समुद्री जीव, सापडला. तो खरवडून काढल्यावर त्याच्याखाली तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढे छिद्र निघाले. हंगामभराचे पाणी तिथून येत होते.

या एका छिद्रापर्यंत पोहोचायला इतके महिने का लागले, हे समजण्यासाठी स्टर्नड्राइव्ह ही व्यवस्था मुळात कशी आहे ते पाहायला हवे. इनबोर्ड बोटीत इंजिन आत असते आणि पंख्याचा दांडा तळातून तिरका बाहेर जातो, तर आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर आणि पंखा असे सगळेच बोटीच्या मागे टांगलेले असते. स्टर्नड्राइव्ह हा या दोहोंमधला मार्ग. 1959 साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘अॅक्वामॅटिक’ या नावाने तो बाजारात आणला. त्यामागची कल्पना जिम विन या अमेरिकन अभियंत्याची होती. दोन वर्षांनी मर्क्युरी कंपनीचा मर्क्रूझर आला, आणि खासगी मोटरबोटींच्या दुनियेत आजही प्रामुख्याने हीच दोन नावे ऐकू येतात.

यात इंजिन बोटीच्या आत, मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, लागून बसवलेले असते. इंजिनाची शक्ती ट्रान्सममध्ये कापलेल्या मोठ्या भोकातून बाहेर पडते, ड्राइव्हच्या वरच्या भागात 90 अंशांत वळून खाली उतरते आणि खालच्या भागात पुन्हा 90 अंशांत वळून पंख्याला मिळते. वेगळे सुकाणू नसते, सगळा ड्राइव्हच डावी-उजवीकडे वळतो. शिवाय उथळ पाण्यात तो हायड्रॉलिक रॅमने वर उचलता येतो. जो भाग दोन दिशांना हलतो त्याच भागातून फिरता शाफ्टही न्यायचा, म्हणून तिथे युनिव्हर्सल जॉइंट लागतात, ज्यांना आपल्याकडचे ट्रकचे मेकॅनिक नुसते ‘क्रॉस’ म्हणतात.

आता अडचण पाहा. ट्रान्सममधले हे भोक बोट उभी असताना पाण्याच्या पातळीला किंवा तिच्या खाली असते. म्हणजे बोटीला मुद्दाम भोक पाडून त्यातून हलते यंत्र बाहेर काढले आहे, आणि समुद्र आत येऊ नये याची जबाबदारी रबराच्या एका घडीदार नळीवर टाकली आहे. या नळीला बेलो म्हणतात. मोटारीच्या पुढच्या एक्सलवर जो रबरी बूट असतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती समजा, मात्र एक फरक लक्षात ठेवून: एक्सलचा बूट फाटला तर ग्रीस उडते, इथला बेलो फाटला तर बोट बुडू शकते.

मर्क्रूझरच्या प्रचलित रचनेत असे तीन बेलो भेटतात. सर्वांत मोठा युनिव्हर्सल जॉइंटभोवतीचा, दुसरा एक्झॉस्टचा आणि तिसरा, सर्वांत बारीक, गिअर बदलणाऱ्या केबलभोवतीचा. एक्झॉस्टचा बेलो फाटला तर सहसा बोटीत पाणी येत नाही, आवाज वाढतो एवढेच. म्हणूनच काही मेकॅनिक त्याच्या जागी साधी नळी बसवतात. उरलेल्या दोहोंची गोष्ट वेगळी आहे. मोठा बेलो फाटला की पाणी आधी आत शाफ्टला आधार देणाऱ्या गिंबल बेअरिंगमध्ये शिरते, त्याचे ग्रीस धुऊन टाकते आणि मग बेअरिंग ओलांडून इंजिनाखाली झिरपते. केबलचा बेलो इतका लहान आणि इतका आत दडलेला असतो की पाहणी करताना तो नेमका राहून जातो. वर सांगितलेल्या बोटीत छिद्र याच बेलोला होते.

पाणी केव्हा वाढते?

गळती शोधताना पहिला प्रश्न ‘कुठून’ हा नसून ‘केव्हा’ हा असावा, कारण केव्हा हे कळले की कुठून याची निम्मी उत्तरे आपोआप बाद होतात. त्यासाठी तळ पूर्ण कोरडा करावा लागतो. नुसता पंप चालवून भागत नाही, पंपाला न पोहोचणारे पाणी स्पंजाने टिपून घ्यावे लागते. मग इंजिन बंद ठेवून, स्वयंचलित पंपाचा स्विच काढून, बोटीवर स्वतः थांबून दोन तास वाट पाहावी. पंप बंद ठेवून बोट सोडून जाणे हा मात्र शुद्ध वेडेपणा होय.

बोट नुसती उभी असताना पाणी वाढत असेल तर संशय बेलो, ट्रान्समवरचे मोठे गॅस्केट, ड्राइव्ह वळवणाऱ्या शाफ्टचे सील आणि तळाचा निचऱ्याचा बूच यांच्यावर जातो. ड्राइव्ह वळवणाऱ्या शाफ्टचे सील गेले असेल तर ट्रान्समच्या आतल्या बाजूने, वरून खाली, ओघळाची रेघ दिसते, आणि खाऱ्या पाण्यात ती रेघ पांढरी आणि गंजकट होते. उभ्या बोटीत तळ कोरडा राहतो आणि इंजिन चालू केल्यावरच पाणी येते, असे असेल तर बेलोला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यांचे क्लॅम्प, पाण्याचा पंप आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड टॉर्च घेऊन तपासावेत. तिसरी शक्यता पावसाची आहे. डेकवरचे स्क्रू, मागच्या फळीचे बोल्ट, खिडकीची फट यांतून आलेले पाणी उताराने वाहत मागे इंजिनाखालीच जमते आणि सगळा आळ ड्राइव्हवर येतो. पाणी गोडे की खारे हे पाहण्यासाठी ते चाखू नये, त्यात इंधन आणि तेल मिसळलेले असते. स्वच्छ काचेवर थेंबभर पाणी ठेवून उन्हात वाळू द्यावे. मीठ असेल तर पांढरा डाग राहतोच.

धावत्या आणि उभ्या बोटीतला एक फरक अनेकांना चकवतो. बोट वेगात पाण्यावर उचलली गेली की ट्रान्सममागचे पाणी मागे फेकले जाते आणि बेलोभोवतीची पातळी खाली जाते, म्हणून फाटका बेलो असूनही तासभराच्या सफरीत तळ कोरडा दिसू शकतो. बोट बोयाला बांधून आपण घरी गेलो की गळती पुन्हा सुरू. ‘चालवून पाहिली, काही नाही’ हा निर्वाळा म्हणूनच स्टर्नड्राइव्हच्या बाबतीत पुरेसा धरू नये.

पाण्याचा उगम डोळ्यांना दिसत नसेल तर एक जुनी युक्ती चालते. कोरड्या केलेल्या तळावर आणि ट्रान्समच्या आतल्या बाजूवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी पसरावी, पहिला थेंब त्यातून आपली वाट कोरत येतो. बोट ट्रेलरवर असेल तर उलट प्रयोगही करता येतो. आत, इंजिनाच्या फिरत्या भागांपेक्षा पुष्कळ खाली राहील इतकेच पाणी भरावे आणि बाहेर ड्राइव्हभोवती थेंब कुठून टपकतात ते पाहावे. बारीक बेलोचे छिद्र अनेकदा अशा उलट प्रयोगातच सापडते.

दोन मिलिमीटरचे गणित

एवढ्याशा छिद्राने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून हिशेब करून पाहू. पाण्याच्या पातळीखाली 20 सेंटिमीटरवर दोन मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र असेल, तर त्यातून पाणी सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने आत येते. छिद्राच्या कडांमुळे प्रवाह आक्रसतो हे धरूनही ताशी साधारण 13 लिटर, म्हणजे दिवसाला 300 लिटरांहून अधिक पाणी होते. शनिवार ते शनिवार ते दोन टनांच्या वर जाते. रबराच्या घडीतले छिद्र कधी मिटते, कधी उघडते, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरेल, पण अंदाज यायला हे पुरे.

आता पंपाची बाजू. छोट्या बोटींत असणारा ताशी 500 गॅलनचा पंप म्हणजे कागदावर ताशी सुमारे 1,900 लिटर. नळीची उंची आणि बॅटरीचा घटलेला दाब यांमुळे प्रत्यक्षात बराच कमी. तरीही दिवसाचे 300 लिटर तो पंधरा-वीस मिनिटांत फेकून देतो, आणि तेवढ्याने चांगली बॅटरी कित्येक आठवडे उतरत नाही. हीच खरी गोम आहे. पंप गळती थांबवत नाही, तो ती लपवतो. मग एके दिवशी फ्लोट स्विचमध्ये चिंधी अडकते, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढतो, आणि दोन टन पाण्याचा हिशेब एका आठवड्यात चुकता होतो. छप्पर गळते म्हणून मोठी बादली आणणे आणि गळती न शोधता मोठा पंप बसवणे यांत माझ्या मते काही फरक नाही. त्यापेक्षा पंप किती वेळा चालू झाला हे मोजणारा छोटा काउंटर बसवावा. आकडा वाढू लागला की बोट स्वतःच तक्रार सांगते.

आणि पंपाच्या भरवशालाही मर्यादा आहे. एक इंची नळी पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर निसटली, तर त्याच हिशेबाने मिनिटाला 40 लिटरांहून जास्त, म्हणजे ताशी अडीच हजार लिटर पाणी येते. तिथे वरचा पंप पहिल्या मिनिटापासूनच हरलेला असतो.

दुसरा आजार: ड्राइव्हच्या आत पाणी

आतापर्यंतचे पाणी बोटीत येणारे होते. ड्राइव्हच्या गिअर ऑइलमध्ये शिरणारे पाणी हा पूर्णपणे वेगळा आजार आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की चुकीचे भाग बदलले जातात. तळ खडखडीत कोरडा असलेल्या बोटीतही गिअर पाण्यात फिरत असू शकतात.

याची पहिली खूण इंजिनाजवळच्या गिअर ऑइलच्या छोट्या बाटलीत दिसते, अर्थात आपल्या ड्राइव्हला ती असेल तर. पातळी उतरत असेल तर ऑइल बाहेर जात आहे, पातळी चढत असेल आणि रंग दुधाळ चहासारखा झाला असेल तर पाणी आत येत आहे. ऑइल तापल्यावर पातळी थोडी वर येणे स्वाभाविक आहे, म्हणून ती नेहमी थंड स्थितीत पाहावी.

खात्रीची तपासणी मात्र निचऱ्याच्या स्क्रूपाशी होते. बोट वर घेतल्यावर ड्राइव्ह पूर्ण खाली करून रात्रभर स्थिर ठेवावा. सकाळी खाली पांढरे पसरट भांडे ठेवून, वरचा हवेचा स्क्रू न उघडता, खालचा स्क्रू हळूहळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने वेगळे झालेले पाणी तळाशी बसलेले असते आणि तेच आधी बाहेर येते. निरोगी ड्राइव्हमधून पहिल्या थेंबापासून घट्ट, पारदर्शक ऑइलच येते. आजारी ड्राइव्हमधून आधी चमचाभर पाणी, मग राखाडी-पांढरा फेसाळ काला आणि शेवटी ऑइल, असा क्रम दिसतो. अनेक ड्राइव्हमध्ये या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावर बोटाला मऊ लागणारी बारीक राखाडी पेस्ट असणे ही नेहमीची झीज आहे. चमकणारे कण किंवा नखाला टोचणारी कपची असेल तर गिअर किंवा बेअरिंग तुटत आहे, आणि ती बोट त्या दिवसापासून बंद.

पाणी शिरण्याची सर्वांत सामान्य जागा म्हणजे पंख्याच्या शाफ्टवरचे ऑइल सील, आणि आपल्या किनाऱ्यावर त्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे नायलॉन. तुटक्या जाळ्याचा धागा किंवा गळाची दोरी पंख्यामागे गुंडाळली जाते, घट्ट होत होत सीलच्या ओठाखाली शिरते आणि त्याला कापते. बाहेरून काहीच दिसत नाही. हंगामात दोन-तीनदा पंखा काढून शाफ्ट पाहणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि निघालेला धागा पाहून दर वेळी आश्चर्य वाटते. त्याखालोखाल दोषी ठरतात ते निचऱ्याच्या आणि हवेच्या स्क्रूंखालचे जुने वॉशर. ऑइल बदलले पण काही रुपयांचे वॉशर तेच ठेवले, यामुळे पाणी शिरल्याची उदाहरणे हवी तितकी सापडतील. याखेरीज गिअर बदलणाऱ्या शाफ्टचे सील, वरच्या झाकणाची ओ-रिंग आणि इनपुट शाफ्टचे सील हेही गळतात. शेवटचे गेले तर ऑइल बेलोच्या आत साचते आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

नेमके कोणते सील गेले हे अंदाजाने ठरवू नये. रिकाम्या ड्राइव्हमध्ये निचऱ्याच्या छिद्रातून साधारण 10 ते 15 पीएसआय हवा भरून दाब काही मिनिटे टिकतो का ते पाहतात. उतरला तर सगळीकडे साबणाचे पाणी लावतात. पंक्चरवाला हवा भरलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, तोच हा प्रकार. दाबाला टिकणारे सील उलट बाजूच्या ओढीला कधी कधी टिकत नाही, म्हणून चांगला मेकॅनिक निर्वात चाचणीही करतो. नवे ऑइल नेहमी खालच्या छिद्रातून वर पंप करावे, म्हणजे हवा अडकत नाही. वरच्या छिद्रातून ऑइल येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग खालचा.

कानाने ओळखायचे दोष

काही दोष पाण्याआधी आवाज करतात. बोट वळवताना मागून येणारी आणि सरळ केल्यावर कमी होणारी घरघर म्हणजे बहुधा गिंबल बेअरिंग. वळताना ‘कट् कट्’ असा ठोका येत असेल तर क्रॉस सैल झाले आहेत. या दोन्हींचे मूळ पुष्कळदा फाटक्या बेलोतच असते, म्हणून नुसते बेअरिंग बदलून बेलो जुनाच ठेवणे म्हणजे तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा करणे. गिअरमधून न्यूट्रलला येताना इंजिन बंद पडत असेल तर मर्क्रूझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये केबल जड झाल्याचा संशय घ्यावा. पाणी शिरून केबल आतून गंजते, आणि गिअर सुटावा म्हणून क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडणारा स्विच गरजेपेक्षा जास्त वेळ दाबलेला राहतो. लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात.

बेलो बदलण्यासाठी ड्राइव्ह उतरवावाच लागतो. ते वजन दोन माणसांचे किंवा क्रेनचे आहे, एकट्याने करू नये. ड्राइव्ह निघालाच आहे तर तीनही बेलो, क्लॅम्प, गॅस्केट आणि बेअरिंगची तपासणी एकत्रच करावी, कारण मजुरी भागांपेक्षा महाग पडते. बाहेरून सिलिकॉन थापणे हा उपाय नाही, जे रबर दर वळणाला ताणले जाते त्यावर ते टिकणार नाही. ड्राइव्ह परत चढवण्याआधी इंजिनाची रेषा पाहणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी एक लांब, तासलेली सळई गिंबल बेअरिंगमधून इंजिनाला शाफ्ट जोडणाऱ्या कपलरमध्ये घालतात. ती दोन बोटांनी सरकली पाहिजे. ठोकावी लागली तर इंजिन खाली बसले आहे, आणि तसाच ड्राइव्ह चढवला तर कपलरचे दाते जातात. भोकाच्या कडेचे लाकूडही त्याच वेळी तपासावे. अनेक ट्रान्सममध्ये फायबरच्या आत प्लायवुड असते, आणि हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी ‘भद्’ असा आवाज आला तर गळती फार जुनी आहे.

बेलो किती वर्षांनी बदलावेत यावर मेकॅनिकांचे एकमत नाही. व्होल्वो पेंटा दोन वर्षे म्हणते, मर्क्रूझरवाले दर वर्षी तपासून तीन ते पाच वर्षांपर्यंत नेतात. वर्षाचे आठ-नऊ महिने कोमट खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीसाठी मी दोन वर्षांच्या बाजूने आहे. बार्नेकलची कडा रबराचे वय पाहत नाही. बोट उभी करताना ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवावा, वर उचलून ठेवला तर बेलो ताणलेल्या घडीतच कडक होतो. अॅनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः गंजून झिजणारे धातूचे तुकडे, निम्मे झिजले की बदलावेत. समुद्रात जस्त किंवा अॅल्युमिनियमचे चालतात, गोड्या पाण्यासाठीचे मॅग्नेशियमचे अॅनोड खाऱ्या पाण्यात भराभर संपतात. ड्राइव्हचे कवच अॅल्युमिनियमचे असते, म्हणून त्यावर तांबेयुक्त रंग कधीही लावू नये.

समुद्रात असताना अचानक पाणी वाढू लागले, तर सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवणे हे पहिले काम, झाकण उघडणे दुसरे. थंड करणाऱ्या पाण्याची नळी सुटलेली दिसली तर इंजिन बंद करताच प्रवाह थांबतो किंवा मंदावतो, आणि ती परत चढवता येते. गळती बेलोची असेल तर आतून बूच मारण्याची सोय नसते. अशा वेळी माणसांना पुढे बसवून मागचा भाग हलका करावा, पंप आणि बादली दोन्ही चालू ठेवावीत आणि जवळच्या उथळ किनाऱ्याकडे निघावे. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16 आणि फोनवर तटरक्षक दलाचा 1554 हे क्रमांक पाणी बॅटरीपर्यंत पोहोचण्याआधी वापरायचे असतात. इंजिन पेट्रोलचे असेल आणि तळाशी वास येत असेल तर कोणतेही बटण दाबू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि पाण्यासारखीच तळाशी साचते. एरवीही इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या जागेतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटे चालवण्याचा नियम आहे.

मांडव्याच्या त्या बोटीचे तीनही बेलो आणि गिअरची केबल बदलून झाली. बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरत होते, म्हणून तेही बदलले. मालकांनी इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने बेलो बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे आणि शेजारी पंपाचा काउंटर लावला आहे. पावसाळा संपून बोट पाण्यात उतरल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी त्यावरचा आकडा शून्य होता. फ्लोट स्विच बिघडला की काय या शंकेने त्यांनी तो हाताने उचलून पाहिला, तेव्हा पंप लगेच चालू झाला.